वाचक विचारतात : नाव लपवलं, तरी ओळखलं कसं?

प्रश्न : जुलैत गावातल्या खानावळीत शिळी सुरमई वाढली. टोपणनावाने गूगल मॅप्सवर एकच तारा दिला, बिलाचा फोटोही टाकला. चौथ्या दिवशी मालकाने बाजारात विचारलं, "काय वहिनी, एवढा राग?" त्यांना कळलं कसं?
(वेंगुर्ले)

उत्तर : नाव सोडून बाकी सगळं तुम्हीच सांगितलंत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, पर्यटक तुरळक. रात्री लागणार फार तर पाच-सहा टेबलं. त्यात 'माहेरची माणसं आली होती' असं लिहिलंत की एकच घर उरतं. मे महिन्याच्या गर्दीत हाच मजकूर खपून गेला असता.

बिलावर क्रमांक आणि वेळ असते. फोनमधल्या हायलायटरने ते काळं करू नका. तो रंग अर्धपारदर्शक, फोटो उजळला की खालचे आकडे दिसतात. तेवढा भाग कापूनच टाका.

शिवाय तुमच्या प्रोफाइलवर जुने रिव्ह्यू ओळीने दिसतात : शाळा, दातांचा दवाखाना, शिंपी. अशा माळेवरून माणूस सापडतो. नेटफ्लिक्सने सुमारे ५ लाख ग्राहकांनी चित्रपटांना दिलेली रेटिंग्ज नावं काढून खुली केली होती. एखाद्याची ८ रेटिंग्ज (२ चुकीची असली तरी चालतील) आणि तारखा १४ दिवसांच्या फरकाने ठाऊक असल्या, तर ९९ टक्के नोंदी नेमक्या हुडकता येतात, असं नारायणन आणि श्मातिकोव्ह या संगणक-संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं.

म्हणून मॅप्सच्या सेटिंग्जमध्ये प्रोफाइल मर्यादित करा. मग ही यादी तुम्ही मान्य केलेल्यांनाच दिसते. खानावळीच्या पानावरचा रिव्ह्यू मात्र सगळ्यांना दिसतोच. तीन-चार आठवडे थांबून लिहा. पाहुणे, तारीख गाळा. मासळीला वास होता, हे ठेवा. त्यासाठी नवं खोटं खातं काढू नका : एकच रिव्ह्यू असलेल्या खात्यावर वाचणारा विश्वास ठेवत नाही.

प्रश्न : पाहुण्याने आमच्या होमस्टेवर खोटं लिहिलं. उत्तरात त्याचा मोबाइल नंबर आणि आधार टाकू का?
(तारकर्ली)

उत्तर : अजिबात नको. ती कागदपत्रं नोंदणीसाठी दिलेली आहेत, भांडणासाठी नाहीत. 'आमच्या नोंदीशी हे जुळत नाही, कृपया फोन करा' एवढंच लिहा, आणि रिव्ह्यूची तक्रार नोंदवा. यापुढे मास्क्ड आधार मागा. त्यावर शेवटचे ४ आकडेच दिसतात.