उद्यानाचं काम नेमकं कुठे अडलंय?

प्रश्न : आमच्या वसाहतीतल्या उद्यानात नूतनीकरणाचा फलक लागून दीड वर्ष झालं. पत्र्याचं कुंपण घातलं, जुने झोपाळे काढून नेले आणि काम थांबलं. पालिकेत विचारलं की ‘काम सुरू आहे’ एवढंच ऐकायला मिळतं. मुलांना खेळायला जागा नाही. काय करावं?

उत्तर : ‘काम कधी होणार?’ असं विचारलं की ‘लवकरच’ याच्यापलीकडे काही हाती लागत नाही. फाईल आज कोणत्या टप्प्यावर आहे, ते विचारा. अंदाजपत्रक, मान्यता, निविदा आणि कार्यादेश (काम सुरू करण्याचा लेखी आदेश) एवढं पार पडलं की कंत्राटदार जागेवर येतो. तुमच्याकडे कुंपण घातलंय, म्हणजे बहुधा कार्यादेश निघालेला आहे आणि घोडं त्यानंतर अडलंय. अशा वेळी सहसा दोनपैकी एक कारण असतं. एक तर कंत्राटदाराचं देयक थकलेलं असतं, नाहीतर खोदताना अंदाजपत्रकात नसलेली जलवाहिनी किंवा केबल निघालेली असते आणि वाढीव कामाची मंजुरी रखडलेली असते. पहिल्याचा तगादा लेखा विभागाकडे लावायचा, दुसऱ्याचा अभियंत्याकडे.

लेखी अर्जात कार्यादेशाची तारीख आणि मुदत, मुदतवाढ दिली असल्यास तिचं कारण आणि कामांची बाबनिहाय यादी मागा. शिवाय झालेल्या कामाची शेवटची मोजणी कधी नोंदवली तेही विचारा. मोजणी पुस्तकातली नोंद सगळ्यात बोलकी असते. मोजणी नाही तर देयक नाही, आणि देयक नाही तर मजूर येत नाहीत. माहिती नाकारली तर माहिती अधिकाराखाली हेच प्रश्न पुन्हा टाका.

एका अर्जात एकच विषय ठेवा. दिवे, पाणी आणि झाडं वेगवेगळ्या विभागांकडे असतात. सगळं एकाच पत्रात कोंबलं की ते या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतं. आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. दीड वर्ष मुलांना अंगणाबाहेर ठेवणं हे काही किरकोळ नाही. म्हणून जो भाग सुरक्षित आहे तेवढा कुंपण मागे सरकवून खुला करावा, अशी वेगळी मागणीही करा.

प्रश्न : नवा पेव्हर ब्लॉकचा पदपथ तीन महिन्यांत खचला. पावसामुळे झालं, असं कंत्राटदार म्हणतो. खरं का?

उत्तर : पावसाने दोष उघडा पडला, एवढंच. मूळ कारण बहुतेक वेळा खाली असतं. माती आणि खडीचा थर नीट दाबलेला नसतो. ब्लॉकखालची वाळू 3 ते 5 सेंटिमीटर असावी लागते, पण खडीतला उंचसखलपणा झाकायला तीच जाड ओततात. जिथे वाळू जाड, तिथे खड्डा. कडेला कर्ब, म्हणजे ब्लॉक धरून ठेवणारी दगडी किंवा काँक्रीटची कड, नसेल तर ब्लॉक बाहेर सरकतात, सांधे उघडतात आणि वाळू वाहून जाते.

पावसाच्या दुसऱ्या दिवशी दोन मीटरची सरळ पट्टी पदपथावर ठेवा, तिच्याखालची फट मोजपट्टीने मोजा आणि फोटो काढा. मग अभियंत्यासमोर एक ब्लॉक उचलायला लावून वाळूची जाडी बघा. दोषदायित्व कालावधी संपण्याआधी हे लेखी जायला हवं, कारण तोवर दुरुस्तीचा खर्च कंत्राटदाराचा असतो. वर वाळू टाकून ब्लॉक परत बसवलेली दुरुस्ती स्वीकारू नका. खडीपर्यंत उकरून दाबून घ्यायला लावा.

प्रश्न : खेळण्यांखाली वाळू टाकली, पण चार बोटंच. चालेल?

उत्तर : नाही. दोन मीटरपर्यंतच्या उंचीवरून मूल पडण्याची शक्यता असेल, तर किमान 30 सेंटिमीटर थर हवा. त्यातले दहा सेंटिमीटर मुलांच्या पायांनी उडून जातात हे धरूनच. वाळू धुतलेली असावी. मातकट वाळू पहिल्या पावसानंतर दगडासारखी घट्ट होते. झोपाळ्याखाली आणि घसरगुंडीच्या तोंडाशी ती सगळ्यात आधी खणली जाते, तेव्हा आठवड्याला ओढून सपाट करण्याचं काम कुणाकडे आहे तेही विचारून घ्या. कठड्याच्या गजांमधली फटही मोजा. 9 ते 23 सेंटिमीटरच्या फटीतून लहान मुलाचं अंग आत जातं आणि डोकं अडकतं. अशी फट दिसली तर उद्घाटनाची वाट न बघता ते खेळणं बंद करायला लावा.