उत्तर : 'नव्यासारखं' फेवर लुबा सी किंग घ्यावं का?

'निळं डायल, नव्यासारखं सी किंग, २,८०० रुपये, घेऊ का? आणि जुनी घड्याळं जमवणारे फेवर लुबाचं एवढं कौतुक का करतात?' असं तुम्ही विचारलंय. (फेवर लुबा ही जुनी स्विस घड्याळ कंपनी, सी किंग हे तिचं एक मनगटी घड्याळ.) मी इथे एरवी फक्त वाचतो. पण 'नव्यासारखं' हा शब्द दिसला आणि राहवलं नाही.

आमच्या बाबांचं सी किंग होतं. १९६६ साली लग्नात सासऱ्यांनी हातात घातलेलं. साताऱ्याच्या घरी सकाळी ७:०५च्या प्रादेशिक बातम्या लागल्या की बाबा उभ्याउभ्या चावी द्यायचे, वेळ जुळवायचे. जुळवायची गरज फारशी नसायची, पण नेम म्हणजे नेम. पांढरं डायल वर्षानुवर्षं सायीसारखं पिवळट होत गेलेलं आणि चारच्या खुणेपाशी एक तपकिरी डाग. डिसेंबर १९६७मध्ये कोयनेचा भूकंप झाला त्या पहाटे फळीवरचा तांब्या घड्याळावर कलंडला, पाणी आत गेलं, त्याचा तो डाग. घरी येणाऱ्या प्रत्येकाला बाबा तो दाखवत. पाहुणा कंटाळला तरी दाखवत.

बाबांच्या पंचाहत्तरीला दादाने घड्याळ मुंबईला 'सर्व्हिसिंग'ला नेलं आणि परत आणलं ते झगझगीत निळं. "बघा बाबा, नव्यासारखं!" बाबांनी चष्मा लावला, चारपाशी बोट फिरवलं आणि विचारलं, "हे कुणाचं रे?" दादाला वाटलं बाबा गंमत करतायत.

तर तुमचं २,८००चं सी किंग बहुधा याच जातीचं आहे. मूळ डायल खरवडायचं, रंग मारायचा, त्यावर नवी छपाई. परदेशातले संग्राहक अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आणि ते कौतुकाने म्हणत नाहीत. फोटो मोठा करून बघा : अक्षरं जाडी आणि फुटलेली, खालचं 'स्विस मेड' गायब नाहीतर वाकडं, मिनिटांच्या रेघा एकीकडे आणि तासांच्या खुणा दुसरीकडे.

आता कौतुकाचं. फेवर लुबाचा मूळ पुरुष अब्राहम फाव्र हा स्वित्झर्लंडमधल्या ल ल्योक्ल गावचा घड्याळजी, त्याची नोंद १७३७ची. त्याहून जुनं म्हणून ब्लँपां या दुसऱ्या स्विस कंपनीचं नाव घेतात, १७३५चं. पण आपल्याकडच्या मायेचं कारण १८६५ आहे. त्या साली ही मंडळी मुंबईत आली आणि इतकी रुळली की आपल्या आजोबांना हे नाव परकं वाटलंच नाही. पुढे नुसत्या नावावर खाल्लं असंही नाही. पन्नासच्या दशकात स्वतःची मशीन, म्हणजे घड्याळाच्या आतली यंत्रणा, बनवली. १९६२च्या २५१ नंबरच्या मशीनमध्ये दोन स्प्रिंगा, आणि जाडी ३ मिलिमीटरच्या आत! त्याच साली बिव्हूॲक आलं, हवेच्या दाबावरून उंची दाखवणारं मनगटी घड्याळ. १९६८चं बॅथी पाण्यातली खोली दाखवायचं. सगळं चावीवर, बॅटरी नाही. मग क्वार्ट्झची, म्हणजे बॅटरीवरच्या घड्याळांची लाट आली, घराण्याच्या हातून कंपनी गेली, बरेच हात फिरून २०११मध्ये टायटनकडे आली, आता दुसऱ्या भारतीय मालकांकडे आहे. नव्या मॉडेलांबद्दल मला विचारू नका, माझा जीव जुन्यात.

दादाचं म्हणणं आजही तेच : "गाडीला रंग देतोच की आपण, मग घड्याळाला दिला तर काय बिघडलं?" दादा, गाडीला रंग देतात ती गंजू नये म्हणून. डागाने बाबांचं घड्याळ एक मिनिटही मागे पडलं नव्हतं. काच बदला, पट्टा बदला, स्प्रिंग बदला, चावी बदला, कुणी हरकत घेणार नाही. डायल तेवढं सोडा.

खरं सांगायचं तर त्याच कारागिराने मशीन मात्र सुरेख साफ केलं होतं, आजही वेळ चोख दाखवतं. आणि रंगवलेलं आहे हे माहीत असून तुम्हाला निळं आवडत असेल, तर २,८०० म्हणजे काही लूट नाही. फक्त संग्रह वगैरे म्हणू नका. आणखी एक : त्या कामाचे निम्मे पैसे माझे होते. दादाने दुकानातून फोन करून विचारलं होतं, "डायलपण करून घेऊ का?" मी ऑफिसात होतो, गडबडीत "कर" म्हणालो. दर दिवाळीला तो हे सगळ्यांसमोर काढतो.

विकणाऱ्याकडे मागचं झाकण उघडून मशीनचा फोटो मागा. त्यावर कंपनीचं नाव कोरलेलं दिसलं पाहिजे. फोटो द्यायला टाळाटाळ केली तर सोडून द्या.