तिघे भाऊ वेगळे निघताहेत: संस्कार टिकतील, पण आधी कागद करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: यवतमाळकडच्या तुमच्या घरी आजोबांच्या काळात अठरा माणसं एका चुलीवर जेवायची. आता वडील आणि दोन काका वेगळे निघताहेत, आजी-आजोबा हयात आहेत. जुनी पद्धत एवढी चांगली होती तर मोडली का, आणि वाटणी होऊनही माणुसकी टिकते का?

मोडली का, याला लोक टीव्ही, मोबाइल आणि शिकलेल्या सुना अशी उत्तरं देतात. मला ती पटत नाहीत. आपल्याकडं घर एकत्र होतं ते मुख्यतः वावरानं बांधलेलं होतं. कोरडवाहूत मृगाचा पाऊस पडला की वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, दोन-चार दिवसांची. तेवढ्यात पेरणी उरकायची तर तिफणीवर (पेरणीच्या औतावर) एक हाकणारा, चाड्यावर (बियाणं सोडायच्या वाटीवर) मूठ धरायला एक आणि मागून तुरीचं सरतं (बियाण्याची नळी) धरायला एक, अशी तीन माणसं लागायची. वरून बैलजोडी. चार एकरवाल्याला जोडी वर्षभर पोसणं जड, बारा एकराला तीच जोडी पुरते. म्हणजे भाऊ वेगळा निघाला की दोघांचंही नुकसान. आज सरकी टोबतात, म्हणजे एकेक बी हातानं लावतात, नांगरटीला ट्रॅक्टर भाड्यानं येतो, निंदणाचं निम्मं काम तणनाशक करतं आणि वेचणी किलोच्या भावानं होते. कामासाठी भाऊ लागत नाही. राहतं ते एकाच थैलीतून अठरा माणसांचा खर्च चालवण्याचं ओझं, आणि भांडण तिथूनच सुरू होतं.

ज्याला आपण संस्कार म्हणतो त्यातला बराच भाग त्या थैलीचे नियम होते. कापसाचा चुकारा कर्त्याच्या हाती. धान्याच्या खोलीची किल्ली मोठ्या बाईच्या कंबरेला. जेवायला आधी पुरुष, मग पोरं, शेवटी सुना, आणि भाजी संपली असेल तर ठेचा-भाकर. लेकराला औषध आणायचं तरी धाकट्या सुनेला दोघा-तिघांना विचारावं लागे. सालदार घरचाच म्हणत, पण त्याची थाळी अनेक घरी वेगळी ठेवलेली असायची. हे विसरून जुन्याचे गोडवे गायले की नवी सून हसते, आणि तिचं बरोबर असतं.

मात्र एक गोष्ट त्या घरात खरोखर मोलाची होती: म्हातारं माणूस, विधवा भावजय, आईविना पोर यांना कोणी सांभाळायचं हा प्रश्नच निघत नसे. वाटणीत सगळ्यात आधी तुटतं ते हेच. म्हणून माझा क्रम उलटा आहे, आधी माणसं, मग जमीन.

आजी-आजोबांना वाटून घेऊ नका. आजी एकाकडे, आजोबा दुसऱ्याकडे हा प्रकार सर्रास चालतो आणि सगळ्यात वाईट तोच. महिन्याची पाळीही टिकत नाही. एकतीस तारखेचं जेवण कोणाचं यावरून भांडलेली घरं गावोगाव आहेत. त्यापेक्षा एक-दोन एकराचा तुकडा, शक्यतो विहिरीजवळचा, त्यांच्याच नावावर ठेवा. जो सांभाळेल त्यानं तो तुकडा कसावा. त्यांच्यानंतर तो कोणाचा, हे आजोबांनी मृत्युपत्रात लिहावं. बाकीची जमीन ते बक्षीसपत्रानं देणार असतील तर सांभाळण्याची अट त्या दस्तातच घाला. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातलं कलम २३ अशा अटीवर उभं आहे: सांभाळ झाला नाही तर दस्त रद्द करून मागता येतो. तोंडी अट असली की सिद्ध करणं अवघड जातं. त्याच कायद्याखाली निर्वाह भत्त्याचा अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करता येतो. वकील लागत नाही.

मग आत्या. "बहिणीनं हिस्सा मागितला की माहेर तुटतं" हे वाक्य तुमच्याही घरी निघेल. जमीन वडिलोपार्जित असेल तर हिंदू वारसा कायद्याच्या ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीनं मुलगी जन्मानं हिस्सेदार आहे, आणि त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. आत्यांना हिस्सा सोडायचाच असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. लुगडं-चोळी देऊन घेतलेली तोंडी कबुली फेरफारात, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावबदलाच्या नोंदीत, चालत नाही. आत्यांना वगळून घाईनं केलेली वाटणी दहा वर्षांनी त्यांची मुलं कोर्टात नेतात, तेव्हा मधल्या काळात खोदलेली विहीरही वादात सापडते. त्यांना बोलवा, विचारा आणि जे ठरेल ते लिहा.

आता जमीन. सगळ्यात मोठी चूक म्हणजे प्रत्येक वावराच्या पट्ट्या पाडणं. काळी जमीन एकाला आणि बरड दुसऱ्याला नको म्हणून हे करतात. हेतू चांगला, परिणाम वाईट. दोन एकराचं, ६०० फूट लांब वावर साधारण १४५ फूट रुंद असतं. चार हिस्से केले की ३६ फुटांची पट्टी उरते. त्यात तास (पेरणीच्या ओळी) फक्त लांबीनंच धरता येतात. उतारही लांबीकडं असला तर आडवी पेरणी बंद, आणि काळी माती पहिल्याच मोठ्या पावसात नाल्यात. शिवाय मधले तीन धुरे (बांध) जमीन खातात, आणि एकानं मारलेलं तणनाशक वाऱ्यानं शेजारच्या तुरीवर उडतं. त्यापेक्षा अख्खी वावरं द्या आणि फरक क्षेत्रानं किंवा पैशानं भरून काढा. काळी चार एकर घेणाऱ्यानं बरडवाल्याला किती जास्त सोडायचं हे गावातले दोन जाणते वाहितीवाले बसले की तासाभरात ठरतं. वाटा पाडणाऱ्यानं शेवटी उचलायचं, हा जुना नियम अजूनही सगळ्यात न्यायाचा.

विहीर, मोटारीची वीजजोडणी आणि वाट यांवर कागदात स्वतंत्र ओळी लिहा. पाण्याची पाळी वारानं ठरवा, मोटार जळाली तर खर्च कोणी किती द्यायचा तेही. मागच्या वावराला बंडी आणि ट्रॅक्टर जाईल एवढी वाट नकाशात दाखवा. उन्हाळ्यात कुठूनही जाता येतं म्हणून लोक विसरतात, आणि जुलैत चिखलात फसल्यावर आठवतं.

कागद दोन प्रकारे होतो. सगळे राजी असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज, नाहीतर नोंदणीकृत वाटणीपत्र (शेतजमिनीच्या वाटणीपत्राचं नोंदणी शुल्क २०२५ मध्ये माफ झालं). पुढं फेरफार पडतो, हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. मोजणी करून हद्दीचे दगड गाडून घ्या. त्याआधी सातबाऱ्यावरचा सोसायटीच्या कर्जाचा बोजा पहा. तो फेडला नसेल तर तिघांच्याही नव्या सातबाऱ्यावर येतो.

काही घरं चूल वेगळी करतात आणि सातबारा आजोबांच्या नावावरच ठेवतात. ऐकायला प्रेमाचं वाटतं. पण पीक कर्ज, पीक विमा, ई-पीक पाहणी, सरकारी केंद्रावरचा कापूस, सगळं एकाच नावानं जातं. पैसे एका खात्यात, गारपीट तिघांच्या वावरात. जुन्या घराचा कर्ता असं सगळं पेलायचा, कारण चूल एक होती.

देवघराचं शेवटी सांगतो, कारण तुम्ही संस्कारांबद्दल विचारलं. महालक्ष्म्यांचे मुखवटे वाटता येत नाहीत, ते बहुतेक घरी थोरल्याकडे राहतात आणि बाकीचे तीन दिवस तिथं जमतात. हे चालू ठेवा, पण खर्च थोरल्या सुनेच्या अंगावर टाकू नका. सोळा भाज्या कोण आणणार, आंबिलीची ज्वारी कोणाच्या वावरातली, आणि पूजेच्या दिवशी पंगत उठल्यावर भांडी कोण घासणार, एवढं त्याच बैठकीत ठरवून घ्या.