काउंट वाढला म्हणजे पांढऱ्या पेशी सुजेच्या जागी पोहोचल्या, असं समजायचं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. साखरेला चिकटणारी प्रथिनं, म्हणजे लेक्टिन, दाहाच्या वेळी पांढऱ्या पेशींना कशी हलवतात, ही एक. आणि काउंट वाढला म्हणजे पेशी जागेवर पोहोचल्या असं धरायचं का, ही दुसरी. दुसरीचं उत्तर एका शब्दात: नाही. एकवीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये स्लाइड बघतेय आणि या एका 'नाही'वरून आमच्या घरात अजून वाद होतो, म्हणून लिहायला बसले.

काउंटसाठी सुईत येतं ते वाहत्या धारेतलं रक्त. पण वाहिन्यांमधल्या न्यूट्रोफिलपैकी (जंतूंवर धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी) जवळजवळ निम्मे त्या धारेत नसतातच. ते बारीक वाहिन्यांच्या भिंतीला लगटून रेंगाळत असतात. मशीन त्यांना मोजत नाही.

सहा वर्षांपूर्वी अण्णांना, माझ्या वडिलांना, दम्याची जोराची उबळ आली. वय 71. रात्री अ‍ॅडमिट केलं, रक्त घेतलं, काउंट 8,900. मग नेब्युलायझर आणि हायड्रोकॉर्टिसोन या स्टिरॉइडची इंजेक्शनं सुरू झाली. सकाळी पुन्हा रक्त घेतलं तर काउंट 19,200. राउंडला आलेले डॉक्टर म्हणाले, ''काउंट दुप्पट झालाय, इन्फेक्शन वाढतंय, अँटिबायोटिक बदलू.'' अण्णा तेव्हा उशाला टेकून चहा मागत होते. ताप नव्हता. कफ पांढरा होता.

मी खाली त्यांच्या लॅबमध्ये गेले. तिथल्या मुलाला विनंती केली, त्याने स्लाइड लावून दिली आणि शंभर पांढऱ्या पेशी प्रकारानुसार मी स्वतः मोजल्या. न्यूट्रोफिल 88, लिम्फोसाइट 9, मोनोसाइट 3, इओसिनोफिल एकही नाही. न्यूट्रोफिल सगळे जाणते, तीन-तीन चार-चार कप्प्यांच्या केंद्रकाचे. खऱ्या इन्फेक्शनमध्ये हाडातली मज्जा घाईघाईने कोवळ्या पेशी बाहेर ढकलते, त्या बँड पेशी दिसतात, पेशीत जाड काळपट दाणे दिसतात. इथे त्यातलं काहीच नव्हतं. इओसिनोफिल दम्यात बहुधा वाढतात, ते शून्य होणं हीसुद्धा स्टिरॉइडचीच खूण.

वर येऊन सांगितलं, तर डॉक्टर म्हणाले, ''मॅडम, तुम्ही टेक्निशियन आहात.'' दादा माझ्याकडे वळून म्हणाला, ''तू गप्प बस, त्यांना कळत नाही का?'' महागडं इंजेक्शन सुरू झालं. दुसऱ्या दिवशी काउंट वीस हजारांच्या वर, कारण स्टिरॉइड चालूच होतं. तीन दिवस जास्तीचे गेले, अण्णांना जुलाब लागले, सलाइनचा हात कोपरापर्यंत सुजला. चौथ्या दिवशी स्टिरॉइड कमी केलं आणि काउंट उतरला. दादा आजही दर भाऊबीजेला म्हणतो, त्या इंजेक्शनने उतरला.

आता पहिला प्रश्न. शेतातून चालताना लुगड्याला आघाडा चिकटतो ना, तसं आहे हे. एक बी सहज सुटते, पण बांधाच्या कडेने चाललात तर पदर जड होतो, चाल मंदावते. पांढऱ्या पेशीच्या अंगावर साखरेच्या साखळ्या असतात, त्यांच्या टोकाला सियालिल लुईस एक्स नावाची रचना. वाहिनीच्या अस्तरावर उगवणारं सिलेक्टिन हे लेक्टिन ती पकडतं, सोडतं, पुन्हा पकडतं. त्यामुळे धारेत सुसाट जाणारी पेशी भिंतीवरून गडगडत हळू होते. पी-सिलेक्टिन अस्तराच्या पेशीत तयार भरून ठेवलेलं असतं, इजा झाली की काही मिनिटांत वर येतं. ई-सिलेक्टिन नव्याने बनवावं लागतं, त्याला काही तास जातात. एल-सिलेक्टिन पांढऱ्या पेशीच्याच अंगावर असतं. पूर्ण थांबवण्याचं काम मात्र सिलेक्टिनचं नाही, ते पांढऱ्या पेशीवरच्या इंटिग्रिन नावाच्या दुसऱ्या प्रथिनांचं. मग पेशी भिंतीतून पलीकडे निसटते. गॅलेक्टिन नावाचा लेक्टिनचा आणखी एक गट आहे. त्यात गॅलेक्टिन-1 साधारणपणे या प्रवासाला आवर घालतं आणि गॅलेक्टिन-3 बहुधा हातभार लावतं.

स्टिरॉइडने न्यूट्रोफिलवरचं एल-सिलेक्टिन कमी होतं आणि अस्तरही कमी चिकट होतं. भिंतीशी रेंगाळणारे निम्मे सुटून धारेत येतात. मज्जेतूनही थोडे सुटतात, जुने जरा जास्त जगतात. काउंट दुप्पट, आणि सुजेच्या जागी पोहोचणाऱ्या पेशी उलट कमी! सूज उतरण्याचं हेही एक कारण.

काउंट वाढूनही पेशी जागेवर पोहोचत नाहीत, याचा सगळ्यात ठळक पुरावा आपल्या मुंबईच्या नावाशी जोडलेला आहे. 1952 मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी बॉम्बे रक्तगट जगापुढे मांडला. त्यात तांबड्या पेशीवर फ्युकोज ही साखर लागून तयार होणारा एच घटक नसतो. 1992 मध्ये इस्रायलमधल्या दोन मुलांची नोंद झाली. रक्तगट बॉम्बे, वारंवार जंतुसंसर्ग, काउंट प्रचंड, आणि पू मात्र होत नव्हता. त्यांच्या पेशींत फ्युकोज योग्य जागी पोहोचतच नव्हतं, त्यामुळे एचही नाही आणि सिलेक्टिनने पकडायची साखरही नाही. रक्तात पेशींची गर्दी, जखमेत कोणी नाही. (नेहमीच्या बॉम्बे गटाच्या लोकांना हा त्रास नसतो. त्यांच्यात फ्युकोज लावणारं वेगळं एन्झाइम बिघडलेलं असतं, पांढऱ्या पेशींची साखर शाबूत राहते. आमच्याकडे असा एक रक्तदाता येतो, धडधाकट आहे.)

म्हणून सांगते, तुमच्या माणसाला स्टिरॉइड चालू असेल आणि कोणी नुसत्या काउंटवर औषध बदलत असेल, तर स्पष्ट विचारा: इंजेक्शन किती वाजता दिलं, रक्त किती वाजता घेतलं, स्लाइड कोणी डोळ्यांनी पाहिली का? मशीनचा कागद म्हणजे स्लाइड नव्हे. आणि टेक्निशियन सांगतेय म्हणून ऐकायचं नाही, हे मला अजिबात मान्य नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. स्टिरॉइड घेणाऱ्याला खरंखुरं इन्फेक्शनही होतं, आणि तेव्हा ताप दबलेला असू शकतो, सीआरपी ही दाह दाखवणारी रक्ततपासणीसुद्धा. कोवळ्या पेशी वाढल्या, कफ पिवळा-हिरवा झाला, एक्स-रेवर डाग आला, तर अँटिबायोटिक हवंच. माझं उत्तर वाचून स्वतःच्या मनाने काही बंद करू नका.

अण्णांचे ते दोन्ही रिपोर्ट मी जपून ठेवलेत. पहिल्यावर रक्त घेतल्याची वेळ रात्री 9.40, दुसऱ्यावर सकाळी 6.10. मधल्या नर्सिंग चार्टवर हायड्रोकॉर्टिसोन, 10.15. दादा, तू हे वाचलंस तर घरी ये, तिन्ही कागद एकाखाली एक ठेवून दाखवते.