पाणी स्वच्छ दिसतंय, मग मासे का नको?

प्रश्न : ताई, मुलीसाठी दोन फुटी टँक घेतला. मासे न टाकता सायकल करतोय (म्हणजे विषारी अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया आधी वाढवतोय), अमोनियासाठी अमोनियम क्लोराइड घालून, आज तीन आठवडे झाले. अमोनिया रोज शून्यावर येतो पण नायट्राइटच्या टेस्टचा गडद जांभळा रंग काही हलत नाही. दुकानदार म्हणतो पाणी एवढं स्वच्छ आहे, टाका बिनधास्त. टाकू का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नका टाकू दादा, प्लीज. अमोनिया काय नि नायट्राइट काय, दोन्ही पाण्यात दिसत नाहीत, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी काही ठरवता येत नाही. तुमचं बिघडलेलं काहीच नाही, उलट अर्धं काम झालंय. अमोनियाचं नायट्राइट करणारे बॅक्टेरिया जमलेत, आता नायट्राइटचं नायट्रेट करणारे जमायचेत आणि ते वाढायला हळू असतात, शिवाय पहिल्यांनी नायट्राइट बनवल्यावरच त्यांना खायला मिळतं, म्हणून हा टप्पा सगळ्यात जास्त रेंगाळतो. एकूण चार ते सहा आठवडे अगदी नॉर्मल आहेत. आत्ता मासे टाकलेत तर नायट्राइट रक्तात जाईल, रक्ताला ऑक्सिजन नेता येणार नाही, एअर पंप जोरात चालू असला तरी मासा वर येऊन तोंड उघडमिट करत राहील, कल्ले तपकिरी पडतील, आणि ते मुलीला बघायला लागू नये असं मला मनापासून वाटतं.

आता करायचं काय, तर अमोनिया घालणं थांबवा आणि अर्धं पाणी बदला, नळाचं असेल तर अँटिक्लोरिन (क्लोरिन घालवणारं औषध) टाकूनच. बॅक्टेरिया पाण्यात नाही तर फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर बसलेले असतात, त्यामुळे पाणी बदलल्याने ते जात नाहीत. पीएच पण बघा, या सगळ्यात आम्ल तयार होतं, पीएच 6 च्या आसपास घसरला की काम जवळजवळ थांबतं आणि लोक उगाच आठवडेच्या आठवडे वाट बघत बसतात. तापमान 26–28 अंश ठेवा. ओळखीत कोणाचा जुना, निरोगी टँक असेल तर त्याचा वापरातला स्पंज मागून आणा आणि तुमच्या टँकमध्येच पिळा, सगळं गढूळ होईल, होऊ दे, याच्याइतका फरक दुकानातल्या बॅक्टेरियाच्या बाटलीने पडत नाही. बाटली घ्यायचीच तर लेबलवर नायट्रोस्पिरा हे बॅक्टेरियाचं नाव लिहिलंय का बघा. 1998 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की गोड्या पाण्याच्या टँकमध्ये नायट्राइटचं काम मुख्यतः हेच करतात.

नायट्राइट उतरलं की परीक्षा घ्या. 2 पीपीएम (म्हणजे लिटरला 2 मिलिग्रॅम) अमोनिया घाला, 24 तासांनी अमोनिया शून्य, नायट्राइट पण शून्य, आणि दुसऱ्या दिवशी परत तसंच आलं तर झालं. मग साठलेलं नायट्रेट काढायला 70–80 टक्के पाणी बदला आणि लगेच मासे आणा, बॅक्टेरियांना फार दिवस उपाशी ठेवू नका.

प्रश्न : सायकलला अमोनिया म्हणून कल्हईवाल्याकडचा नवसागर चालेल का? की कोलंबीचा तुकडा टाकू?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइडच, पण कल्हईच्या मालात आणखी काय मिसळलंय कोणाला माहीत, केमिकलच्या दुकानातून शुद्ध आणा, स्वस्त असतं. 10 ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवा, त्यातलं 30 मिली 50 लिटरच्या टँकला घातलं की जवळपास 2 पीपीएम होतं. कोलंबीनेही सायकल होते पण घरभर वास सुटतो आणि अमोनिया किती सुटतोय त्याचा हिशोबच राहत नाही. मी नाही सुचवणार.

प्रश्न : आमच्याकडे दुपारी तीन-चार तास लाइट जाते. बॅक्टेरिया मरतात का?

उत्तर : त्यांना ऑक्सिजन लागतो, त्यामुळे स्पंज फिल्टर असेल तर बॅटरीवर चालणारा एअर पंप जोडून ठेवा. बंद डब्यातला फिल्टर असेल तर जास्त काळजी, आत कोंडलेलं पाणी लवकर खराब होतं. लाइट बराच वेळ गेली तर स्पंज काढून टँकच्या पाण्यात मोकळा ठेवा, नळाखाली अजिबात धुऊ नका, क्लोरिनने सगळी मेहनत वाया जाईल. लाइट आल्यावर डब्यातलं जुनं पाणी ओतून द्या, मगच फिल्टर लावा.