पहिल्या दिवशी आधी पाणी, मग खाणं

कोंबडीची ५० पिल्लं आणताय, छान. घाई मात्र खाद्याची करू नका. घाट उतरून आलेलं पिल्लू तहानलेलं असतं. पोटात अंड्याचा बलक शिल्लक असल्यामुळे खाणं दोन-तीन तासांनी दिलं तरी चालतं.

पिल्लं येण्याआधीच ड्रिंकर (पिल्लांचं पाण्याचं भांडं) भरून ब्रूडरमध्ये, म्हणजे बल्बची ऊब दिलेल्या, तूस पसरलेल्या जागेत ठेवा, म्हणजे पाणी कोमट होतं. विहिरीचं गार पाणी थेट ओतलं की पिल्लं पीत नाहीत, गारठतात. उलट मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं तापलेलं पाणीही नको. खोक्यातून काढताना प्रत्येकाची चोच एकदा पाण्यात बुडवा. फक्त चोच, नाकपुड्या नाहीत! एक-दोघं प्यायला लागली की बाकीची बघून शिकतात.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका:
- उघडी ताटली. पिल्लू आत पडतं, भिजतं, मरतं. ताटलीच असेल तर त्यात गोटे घाला.
- ५० पिल्लांना एकच ड्रिंकर. दोन हवेत, तेही बल्बच्या अगदी खाली नकोत.
- ड्रिंकर थेट तुसावर. विटेवर ठेवा, काठ पिल्लाच्या पाठीइतका उंच. आपल्याकडच्या पावसाळ्यात भिजलेलं तूस वाळतच नाही, आणि रक्ती हगवण तिथूनच सुरू होते.
- नुसतं वरून पाणी भरणं. दिवसातून दोनदा ओतून टाका, बुळबुळीत थर घासून काढा.

रात्री चार-पाच पिल्लांच्या गळ्याखालची पिशवी बोटांनी चाचपा. मऊ लागली तर ठीक. आत कोरडं, कडक खाद्य लागलं तर पाणी कमी पडतंय.

लस-औषधांचं आठवड्याभराने बोलू.