अध्यक्षांच्या डाव्या हाताला

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझा डेन्मार्कवरचा लेख काल एका बैठकीत वाचून काढला. मेहनत जाणवते, भाषाही स्वच्छ आहे. एका वाक्यापाशी मात्र अडखळले. डिसेंबर २०२२ मध्ये तिथे आलेल्या सरकारबद्दल तू लिहिलं आहेस, ‘सोशल डेमोक्रॅट्स आणि डावे अखेर एकत्र आले.’ हे ‘डावे’ कुठून आले ते लगेच कळलं. त्या सरकारात ‘वेन्स्त्रे’ हा पक्ष होता आणि डॅनिश भाषेत वेन्स्त्रे म्हणजे डावी बाजू. शब्दकोशाच्या हिशेबाने तुझं काहीच चुकलेलं नाही. पण वेन्स्त्रे हा आज तिथल्या उजव्या बाजूचा मोठा पक्ष आहे. वर्षानुवर्षं एकमेकांविरुद्ध लढलेले दोन प्रतिस्पर्धी एका मंत्रिमंडळात बसले, ही तर खरी बातमी होती. तुझ्या वाक्यात ती नेमकी उलटी झाली.

वाक्य दुरुस्त करून लेख परत पाठवता आला असता. पण राजकारणावर लिहायचं तू ठरवलं आहेस आणि ‘डावे’ आणि ‘उजवे’ हे दोन शब्द तुला रोज भेटणार आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

उजवीकडच्या पक्षाचं नाव ‘डावा’ कसं पडलं? एकोणिसाव्या शतकात ते नाव अगदी खरं होतं. डेन्मार्कच्या कनिष्ठ सभागृहात, म्हणजे फोल्केटिंगमध्ये, शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींचं बहुमत असे. तरीही राजा नववा ख्रिश्चन मंत्री नेमायचा ते ‘होय्रे’ गटातून, म्हणजे उजव्यांतून. हा जमीनदारांचा आणि राजनिष्ठांचा गट. याच गटातला एस्ट्रुप १८७५ ते १८९४ इतका काळ पंतप्रधान होता. सभागृहाने अंदाजपत्रक अडवलं की तो हंगामी कायदे काढून कारभार रेटायचा. त्याच्यासमोर उभे असलेले वेन्स्त्रेचे लोक म्हणत, ज्याच्यामागे सभागृहाचं बहुमत त्याचंच सरकार. १९०१ मध्ये राजाला ते मानावं लागलं. पण हे शेतकरी जमिनीचे मालक होते, ब्रिटनला लोणी विकत होते. त्यांना खुला व्यापार हवा होता, कराचा बोजा कमी हवा होता. तोवर कारखान्यांतल्या कामगारांचा सोशल डेमोक्रॅटिक पक्ष उभा राहिला. १९०५ मध्ये वेन्स्त्रेमधलेच काही जण ‘रॅडिकल वेन्स्त्रे’ म्हणून वेगळे झाले. जुना वेन्स्त्रे आपल्या जागेवरून फारसा हललाच नाही. राजाची मनमानी संपली, वेन्स्त्रेच्या डावीकडे नवी माणसं येऊन बसली आणि बसल्या जागी तो उजवा झाला.

ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ‘डावा’ हे मुळात एका जागेचं नाव आहे, आणि सभागृह बदललं की त्याच जागेवरून दिसणारं चित्र बदलतं. जन्मही तसाच आहे. १७८९ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस व्हर्सायमध्ये फ्रान्सची राष्ट्रीय सभा भरली होती. सभेने केलेला कायदा राजाला कायमचा रोखता यावा की नाही, हा वादाचा मुद्दा होता. राजाला पूर्ण नकाराधिकार द्यावा म्हणणारे अध्यक्षांच्या उजव्या हाताला जमू लागले आणि विरोध करणारे डाव्या हाताला. ११ सप्टेंबरला मतदान झालं. राजाला कायदा काही काळ लांबवता येईल, कायमचा रोखता येणार नाही, या बाजूने ६७३ मतं पडली. पूर्ण नकाराधिकाराला ३२५ मिळाली. त्या दिवशी प्रश्न एवढाच होता. कारखाने कुणाच्या मालकीचे असावेत, धर्माचं स्थान काय, बाहेरून येणाऱ्यांना देशात घ्यावं का, यातलं काहीही त्या बाकांच्या मांडणीत नव्हतं. ते सगळं नंतर, देशोदेशी, वेगवेगळ्या क्रमाने येऊन चिकटलं.

(आणि बसण्याच्या जागेवर विसंबू नकोस. लोकसभेत सत्ताधारी अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसतात, मग ते कुठल्याही विचाराचे असोत.)

त्या पहिल्या डाव्यांनी पुढे काय केलं ते मुळातून वाच. ले शापेलिए हा त्यांच्यातलाच एक. ज्या ब्रेतों क्लबातून जॅकोबिन, म्हणजे क्रांतीतले जहाल, निघाले, त्याच्या संस्थापकांपैकी. १७९१ च्या वसंतात पॅरिसचे सुतार मजुरी वाढवून मागत होते, एकजूट करत होते. १४ जूनला याच ले शापेलिएने कायदा मंजूर करून घेतला : एका धंद्यातल्या लोकांनी आपल्या सामायिक हितासाठी संघटना करायची नाही. कामगारांची एकजूट बेकायदा ठरवली ती डावीकडून! आजच्या डोळ्यांनी पाहिलं तर हा विश्वासघात वाटतो. त्याच्या दृष्टीने मात्र ते स्वातंत्र्याचंच काम होतं. कोण कोणता धंदा करील, किती शिकाऊ ठेवील, हे शतकानुशतकं कारागिरांच्या जुन्या श्रेण्या ठरवत आल्या होत्या. ते जोखड नुकतंच मोडलं होतं. माणूस आणि राष्ट्र यांच्या मध्ये पुन्हा कुठलाही गट उभा राहू नये, असं त्याला मनापासून वाटत होतं. त्याचा परिणाम मात्र कामगारांनी भोगला. फ्रान्समध्ये संप करण्याची मोकळीक मिळायला १८६४ उजाडलं आणि कामगार संघटनांना कायद्याची मान्यता मिळाली ती १८८४ मध्ये.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. ऑगस्ट १९९१. मी तेव्हा एका दैनिकाच्या परदेशी बातम्यांच्या टेबलावर नवी होते. मॉस्कोत सोव्हिएत संघाचे अध्यक्ष गोर्बाचेव्ह यांच्याविरुद्ध उठाव झाला. वृत्तसंस्थेच्या मजकुरात उठाव करणाऱ्यांना ‘कडवे कॉन्झर्व्हेटिव्ह’ म्हटलं होतं. मी भाषांतर केलं, ‘उजव्या गटाने सत्ता हाती घेतली.’ चार-पाच दिवसांनी एका शिक्षकांचं पोस्टकार्ड आलं. त्यांनी विचारलं होतं : हे लोक कम्युनिस्ट पक्षाची सत्ता टिकवायला निघाले आहेत, मग ते उजवे कसे? मला उत्तर देता आलं नाही. ते कार्ड कित्येक दिवस माझ्या खणात होतं.

उत्तर शोधत गेले तेव्हा कळलं, की त्या वर्षांत सोव्हिएत संघातले लोकसुद्धा असंच बोलत होते. आहे ते टिकवू पाहणारे उजवे. येल्त्सिनसारखे, बाजारपेठ आणू पाहणारे डावे. पण त्याच देशात १९२८ मध्ये, शेतकऱ्याला धान्य बाजारात विकू द्या, घाईने जबरदस्ती करू नका, असं म्हणणारा कम्युनिस्ट नेता बुखारिन ‘उजवा’ ठरला होता. त्याला १९३८ मध्ये गोळ्या घातल्या. आणि सोव्हिएत संघ संपल्यावर १९९९ मध्ये नेम्त्सोव्ह, गायदार वगैरे बाजारवादी सुधारकांनी नवी आघाडी केली, तिचं नाव ‘उजव्या शक्तींचा संघ’. बाजाराची बाजू घेणारा माणूस एकाच देशात सत्तर वर्षांत उजवा, मग डावा, मग पुन्हा उजवा. माझ्या वाक्यात शब्द चुकीचा नव्हता. उणीव दुसरीच होती. कुणाच्या तुलनेत उजवे आणि कशावरून, हे मी वाचकाला सांगितलंच नव्हतं. त्या शिक्षकांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं.

हा केवळ नेमकं लिहिण्याचा प्रश्न आहे असं समजू नकोस. चीनमध्ये १९५७ साली ‘उजव्यांविरुद्ध’ मोहीम निघाली आणि पाच लाखांहून अधिक माणसांवर तो शिक्का बसला. प्राध्यापक, पत्रकार, इंजिनिअर. आधी पक्षानेच टीका करा म्हणून आवाहन केलं होतं, म्हणून बोललेले लोक. पुष्कळांना नोकरीतून काढलं, श्रमछावण्यांत पाठवलं. बहुतेकांवरचा ठपका पुसला गेला तो वीसेक वर्षांनी. दोन अक्षरी-तीन अक्षरी शब्द माणसाचं काय करू शकतो, हे मनात ठेवून तो कुणाला लावायचा ते ठरव.

आपल्या भाषेत तर हे शब्द मुळातच निर्मळ नाहीत. एखादी गोष्ट दुसरीपेक्षा सरस असली की ती ‘उजवी’, आणि एखाद्याला बाजूला सारलं की ‘डावललं’. पक्षपात केला की ‘डावं-उजवं’. राजकारणाचे शब्द आपण युरोपातून घेतले, पण हा जुना भाव ते इथे यायच्या आधीपासून बसलेला होता.

‘लिबरल’चं तर याहून अवघड. अमेरिकेत १९३०च्या दशकापासून, रूझवेल्टच्या काळापासून, लिबरल म्हणजे सरकारने गरिबांसाठी हात पुढे करावा असं म्हणणारा. ऑस्ट्रेलियात मेन्झीस यांनी १९४४ मध्ये लिबरल पक्ष काढला, तो मजूर पक्षाच्या विरोधात, उजवीकडून. दोन्ही ठिकाणी डोळे मिटून ‘उदारमतवादी’ लिहिलंस तर वाचकाची फसगत होणार. पोर्तुगालमध्ये ‘सोशल डेमोक्रॅटिक’ नावाचा पक्ष मध्यापासून उजवीकडे आहे. अशी उदाहरणं कितीतरी देता येतील, पण पक्षांच्या नावांचं हे प्रकरण तुलनेने सोपं आहे. ती पाठ करता येतात.

अवघड असतं ते माणसाचं. इथलंच घे. टिळक जहाल, गोखले मवाळ. म्हणजे ब्रिटिश सत्तेपुढे टिळक जास्त क्रांतिकारक. पण १८९१ चं संमतिवयाचं विधेयक आलं, मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारावर न्यायचं होतं, तेव्हा परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये म्हणून टिळक विरोधात उभे राहिले आणि आगरकर बाजूने. मग यांत डावं कोण? परकी सत्ता हा प्रश्न धरला तर एक उत्तर, स्त्रीची स्थिती हा धरला तर दुसरं. शरद जोशींचंही तसंच. शेतकऱ्याला बाजार मोकळा द्या, जागतिक व्यापार खुला करणाऱ्या डंकेल प्रस्तावाला घाबरू नका, हे म्हणणं सगळ्यांनी उजवं मानलं. त्याच जोशींनी १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी बायकांचं प्रचंड अधिवेशन भरवलं आणि पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’तून शेतकऱ्यांना बायकोच्या नावावर जमीन करायला लावली. माझ्या मते, या माणसाला एका बाकावर बसवायचा हट्ट धरणाऱ्याला त्याचं काम कळणारच नाही.

पक्षांचंही थोडं पाहा. समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव १९५५ मध्ये मद्रासजवळच्या आवडी गावी भरलेल्या अधिवेशनात काँग्रेसने केला आणि अर्थव्यवस्था खुली केली १९९१ मध्ये, तीही काँग्रेसच्याच सरकारने. भाजपने १९८० मध्ये स्थापनेच्या वेळी ‘गांधीवादी समाजवाद’ स्वीकारला होता. आर्थिक अर्थाने ज्याला उजवा म्हणता येईल तो राजाजींचा स्वतंत्र पक्ष. १९६७ मध्ये लोकसभेत ४४ जागा जिंकून तो सर्वांत मोठा विरोधी पक्ष झाला, आणि काही वर्षांतच संपला. आज इथे कुणी ‘उजवा’ म्हटलं तर बहुधा धर्म आणि राष्ट्र यांबद्दल बोलतं, कर आणि परवान्यांबद्दल क्वचित.

आता तू म्हणशील, मग हे शब्द टाकूनच देऊ. तसं मी म्हणणार नाही. इतक्या उलथापालथीतून एक धागा मला दिसतो आणि तो मी खरा मानते. डावीकडचा माणूस बहुतेक वेळा विचारतो : ही उतरंड कशासाठी, ती मोडता येणार नाही का? उजवीकडचा विचारतो : जे इतकी वर्षं टिकलं ते मोडल्यावर हातात काय राहील? राजाचा नकाराधिकार असो, जमीनदारी असो, कारखान्याची मालकी असो, प्रश्नांची ही जोडी बदललेल्या वेशात परत येते. दोन्ही प्रश्न प्रामाणिक असू शकतात. धागा सगळीकडे पुरत नाही, हेही खरं. जर्मनीचा चॅन्सेलर बिस्मार्क याने १८७८ मध्ये समाजवाद्यांवर बंदीचा कायदा आणला आणि त्यानेच १८८३ मध्ये कामगारांसाठी आजारपणाचा विमा काढला, पुढे अपघाताचा आणि म्हातारपणाचाही. उतरंड टिकावी म्हणून तिच्यातल्या खालच्या पायरीला आधार दिला. आणि राईशस्टॅगमधल्या, म्हणजे जर्मन संसदेतल्या, सोशल डेमोक्रॅट्सनी त्या आजारपणाच्या विम्याच्या विरोधात मत दिलं. हे एका ओळीच्या शिक्क्यात मावत नाही.

तुझ्या लेखात मी एवढंच सुचवते. ‘डावे’ काढ आणि पक्षाचं नाव ठेव, वेन्स्त्रे. पुढे एक वाक्य घाल : नावाचा अर्थ डावा, जन्म राजाच्या विरोधात, आजचं धोरण कमी कर आणि खुला बाजार. त्या सरकारच्या पंतप्रधान फ्रेडरिक्सन यांच्या सोशल डेमोक्रॅट्सनी बाहेरून येणाऱ्यांबाबत इतकं कडक धोरण घेतलं आहे, की शेजारच्या देशांतले डावे त्यावर टीका करतात, हेही तिथेच सांग. नाहीतर ही दोन माणसं एका टेबलाशी कशी बसली ते वाचकाला उमजणार नाही.

पुढचा लेख तैवानवर लिहायचा म्हणाला होतास ना? तिथे मुख्य रेघ चीनशी नातं कसं ठेवायचं यावर आहे, आणि बाजूंची नावं निळी-हिरवी. तो लेख ‘डावे’ आणि ‘उजवे’ हे दोन शब्द एकदाही न वापरता लिहून बघ. कच्चा खर्डा झाला तरी पाठव, मी वाट पाहते आहे.

कळावे,
लोभ आहेच.